कोंबडीचे घर आणि अंड्याचे कवच: सोलापूरच्या हवेत कॅल्शियमचा हिशेब कसा जमवावा

एप्रिल उजाडला की सोलापूर परिसरातील अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच तक्रार असते: टरफल पातळ पडले, ट्रेमागे दोन-तीन अंडी तडकलेली निघतात, व्यापारी भाव पाडून मागतो. त्यावर पहिला उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे खाद्यात कॅल्शियम वाढवणे. हा उपाय सर्वस्वी चुकीचा नाही. पण कोंबडी कुठे राहते, कधी खाते, रात्री तिच्या पोटात काय शिल्लक असते आणि घातलेले अंडे कशावर पडते, हे न पाहता गोणी फोडली, तर पैसा जातो आणि टरफल तसेच राहते. म्हणून या मार्गदर्शकात मी आधी घराचा विचार मांडतो आणि मग खाद्याचा. माझा स्वतःचा पिंजऱ्यांचा शेड आहे आणि घरामागे काही गावरान कोंबड्याही आहेत, त्यामुळे दोन्ही प्रकारांतील चुका मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

कवच रात्री तयार होते

एक अंडे पूर्ण व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतील १८ ते २० तास ते कवचग्रंथीत असते. कवचाचे वजन ५ ते ६ ग्रॅम भरते, त्याचा जवळजवळ ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि त्यात शुद्ध कॅल्शियम सव्वादोन ग्रॅमच्या आसपास असते. बहुतेक कोंबड्या सकाळी अंडे देतात, याचा अर्थ कवच चढवण्याचे सर्वांत जोराचे काम संध्याकाळनंतर आणि रात्री चालते, म्हणजे नेमके दिवे बंद असताना आणि कोंबडी काहीही खात नसताना. त्या तासांत रक्तातून कॅल्शियम इतक्या वेगाने उचलले जाते, की रक्तातील सगळा साठा दर पाव तासाच्या आसपास नव्याने भरावा लागतो.

हा भरणा दोन ठिकाणांहून होतो. पहिले ठिकाण पोट. संध्याकाळी खाल्लेले कॅल्शियमचे जाड खडे गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड स्नायूंच्या पोटात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. दुसरे ठिकाण हाडे. तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी, अंड्यावर येताना तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, लवकर विरघळणारा हाडाचा साठा तयार होतो आणि पोट रिकामे झाले की शरीर त्याला हात घालते. हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा स्फुरदही सुटतो आणि तो विष्ठेवाटे वाया जातो. हा प्रकार रोज रात्री घडत राहिला, तर आधी हाडे खंगतात आणि मग कवच पातळ होते. पातळ कवच दिसू लागते तेव्हा हाडांचे नुकसान बरेच होऊन गेलेले असते, हे लक्षात ठेवावे.

यातून पहिली कृती निघते. चुनखडीची बारीक पावडर पोटातून चटकन पुढे सरकते आणि मध्यरात्रीपर्यंत ती संपलेली असते. म्हणून कॅल्शियमचा निम्म्याहून अधिक भाग २ ते ४ मिलिमीटरच्या खड्यांच्या रूपात द्यावा, आणि कोंबड्या ५० आठवड्यांच्या पुढे गेल्या की हे प्रमाण आणखी वाढवावे. मापपट्टी जवळ नसेल तर मोहरीपेक्षा मोठा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा, अशी खूण पुरेशी आहे. शिंपल्याचा चुरा, मार्बल ग्रिट किंवा चुनखडीचे खडे, यांपैकी जे स्वच्छ आणि एकसारख्या आकाराचे मिळेल ते चालते. तिन्हींत कॅल्शियम ३७-३८ टक्क्यांच्या आसपास असते. शिंपला म्हणून महाग दराने विकत घेतलेल्या गोणीत तळाशी निम्मी भुकटी निघाल्याचा अनुभव मी घेतला आहे. तेव्हापासून प्रत्येक नव्या गोणीतील किलोभर माल चाळून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

पिंजऱ्यातील कोंबडी

पिंजऱ्यातील कोंबडीची कॅल्शियमची गरज मुख्यतः तिच्या अंड्यांवरूनच ठरते. बीव्ही-३०० सारखी जात भर उत्पादनात जवळजवळ रोज अंडे देते आणि दिवसाला १०५ ते ११५ ग्रॅम खाद्य खाते. तिला रोज ४ ते साडेचार ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून लेअर खाद्यात, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात, ते ३.८ ते ४.२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. यात पिंजरा जी भर घालतो ती वेगळ्या बाजूने येते. कोंबडीला चालायला, पंख पसरायला, उडी मारायला जागा नसते. आणि ज्या हाडावर भार पडत नाही ते हाड बळकट होत नाही, हा नियम माणसाला लागू आहे तसा कोंबडीलाही आहे. त्यामुळे पिंजऱ्यातील कोंबडीचा हाडातला राखीव साठा आधीच तुटपुंजा असतो. भर उत्पादनातील एखादी कोंबडी अचानक पाय गाळून पिंजऱ्यात बसते आणि पाणी-खाद्यापर्यंत पोहोचू न शकल्याने मरते. तिला बाहेर काढून जमिनीवर ठेवले आणि समोर खाद्य-पाणी दिले तर ती पुष्कळदा काही दिवसांत उभी राहते. या विकाराला पिंजऱ्यातील थकवा म्हणतात. अशी एक कोंबडी दिसली, तर आणखी कितीतरी कोंबड्या त्याच वाटेवर आहेत असे समजून खाद्यातील कॅल्शियम, उपलब्ध स्फुरद आणि ड३ जीवनसत्त्व या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी तपासाव्यात. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून साधे पिंजरे बंद केले, त्यामागे कोंबडीच्या वागणुकीबरोबर हाडांचा हा प्रश्नही होता.

बंद शेडमधील कोंबडीच्या अंगावर थेट ऊन पडत नाही, म्हणून तिला ड३ फक्त प्रिमिक्समधून, म्हणजे खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणातून, मिळते. ड३ नसेल तर कॅल्शियम कितीही दिले तरी आतड्यातून शोषले जात नाही. आपल्याकडे प्रिमिक्सची पिशवी पत्र्याच्या गोदामात ठेवण्याची पद्धत आहे, आणि मे महिन्यात त्या गोदामात हात भाजेल इतकी उष्णता असते. अशा उष्णतेत जीवनसत्त्वे झपाट्याने निकामी होतात. प्रिमिक्स घरातील थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवावे, एकदम वर्षाचे घेऊ नये आणि चुनखडी किंवा खनिजांत आधीच मिसळून ठेवू नये.

एका पिंजऱ्यात ठरल्यापेक्षा एक कोंबडी जास्त कोंबली, की सर्वांत दुबळ्या कोंबडीला गव्हाणीपर्यंत मान काढायला जागा मिळत नाही. सरासरी खाद्य कागदावर बरोबर दिसते, पण तिच्या पोटात ते जात नाही आणि पातळ टरफलाची अंडी त्याच एका पिंजऱ्यासमोर सापडत राहतात. प्रत्येक कोंबडीला गव्हाणीची सुमारे १० सेंटिमीटर लांबी मिळते का, हे मोजून पाहावे. गव्हाणीच्या कडेला आणि तळाशी भुकटी साचत असेल, तर कोंबड्या जाड कण वेचून खात आहेत आणि बारीक कॅल्शियम व प्रिमिक्स तळाला राहत आहे. अशा वेळी दिवसातून एकदा, शक्यतो दुपारी, गव्हाण पूर्ण रिकामी होऊ द्यावी आणि मगच नवे खाद्य घालावे.

आता तडकलेल्या अंड्यांबद्दल. टरफल मुळात पातळ आहे की चांगले टरफल नंतर तडकले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. गोळा करताना दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर अगदी हलके टेकवावीत. अखंड अंड्याचा आवाज खणखणीत येतो, केसाएवढा तडा असेल तर तो भद्द येतो. पंधरा मिनिटांत हाताला आणि कानाला सवय होते. मग तडा कुठे आहे ते पाहावे. टोकाला, एकाच ठिकाणी, आत चेपल्यासारखा तडा असेल तर अंडे जाळीवर आदळले किंवा पुढच्या अंड्यावर जाऊन धडकले. याचा अर्थ जाळीचा उतार जास्त आहे, तार गंजून खाली झोळली आहे, किंवा अंडी दिवसातून एकदाच उचलली जातात. तिथे कॅल्शियमचा काही संबंध नाही. उतार तपासावा, झोळलेली जाळी बदलावी आणि अंडी दिवसातून किमान दोनदा, जमल्यास तीनदा गोळा करावीत.

काही अंड्यांच्या कमरेला वळ दिसतो, जणू कुणी ते अंडे मधोमध दाबून पुन्हा जोडले आहे. ते खरोखर तसेच झालेले असते. कवच चढत असताना कोंबडी घाबरून उडाली, एकमेकींवर आदळली, अंड्याला पोटातच तडा गेला आणि शरीराने त्यावर पुन्हा थर चढवला. शेडच्या शेजारून रात्री लग्नाची वरात डीजे वाजवत गेली, की दुसऱ्या दिवशीच्या ट्रेमध्ये अशी अंडी मी मोजून काढली आहेत. यावर गोणीतील कोणतेही औषध चालत नाही. रात्री कुत्री, मांजरे, उंदीर आणि अचानक लागणारा उजेड शेडपासून दूर ठेवणे हाच उपाय आहे.

गादी पद्धत

भाताच्या तुसावर किंवा भुईमुगाच्या टरफलांवर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीची हाडे पिंजऱ्यातील कोंबडीपेक्षा मजबूत असतात, कारण ती चालते, उकरते, उडून दांडीवर बसते. हालचालीमुळे ती थोडे जास्त खाते, त्यामुळे त्याच टक्केवारीच्या खाद्यातून तिला कॅल्शियमही थोडे जास्त मिळते. म्हणून पिंजऱ्यासाठी बसवलेले सूत्र गादीवरील कोंबड्यांना जसेच्या तसे देण्यापूर्वी आठवडाभर रोजचे खाद्य मोजावे आणि टक्केवारी नव्हे, तर प्रत्येक कोंबडीच्या पोटात जाणारे ग्रॅम धरून हिशेब करावा. पण दांड्या फार उंच बांधल्या तर कोंबड्या उतरताना आदळतात आणि छातीचे हाड मोडते. हा मोकळ्या पद्धतीतील मोठा दोष आहे. दांडी गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरू करावी आणि वर चढायला मधले टप्पे द्यावेत.

गादीवर खडे वेगळ्या भांड्यात ठेवणे सोपे जाते. भांडे पाठीच्या उंचीला टांगावे, म्हणजे त्यात तूस पडत नाही. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी पेटी हवी, आणि तलंगा अंड्यावर येण्याच्या दोन आठवडे आधी त्या पेट्या बसवलेल्या असाव्यात. पेट्या उशिरा लागल्या तर कोंबड्यांना कोपऱ्यात घालायची सवय जडते, आणि जमिनीवरचे अंडे मळते, पायाखाली येते, मग एखादी कोंबडी ते फोडून खाते. एकदा अंडे खायची चव लागली की ती मोडणे फार अवघड जाते.

परसातील गावरान कोंबड्या

परसात दहा-बारा गावरान, गिरिराज किंवा वनराज कोंबड्या पाळणाऱ्यांनी पिंजऱ्यातील आकडे डोक्यातून काढून टाकावेत. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, त्यातही खुडूक बसण्याचे दिवस असतात, त्यामुळे तिची सरासरी गरज बरीच कमी असते. सकाळच्या उन्हात ती आपले ड३ स्वतः तयार करते. अडचण वेगळीच आहे. तिला मिळणारी ज्वारी, तांदळाची कणी आणि घरातील उरलेले अन्न यांत कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि गवत-किड्यांतून मिळणारे पुरत नाही.

इथे सर्वांत चांगली पद्धत म्हणजे निवड कोंबडीवर सोडणे. खड्यांचे एक मडके किंवा जुने पातेले सावलीत, पावसापासून आडोशाला ठेवावे. जी कोंबडी अंड्यावर आहे ती संध्याकाळी स्वतः येऊन खडे टिपते आणि जी नाही ती तिकडे फिरकत नाही. याउलट सगळ्या कळपाला लेअर खाद्य दिले, तर त्यातील पिलांना आणि वाढत्या तलंगांना गरजेच्या चौपट कॅल्शियम मिळते आणि त्यांचे मूत्रपिंड बिघडते. वाढीच्या काळात खाद्यात १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरते. अंड्यावर येण्याच्या आधीचे दोन आठवडे ते दोन-अडीच टक्क्यांपर्यंत न्यावे आणि पहिली अंडी दिसू लागली की लेअर खाद्यावर आणावे.

घरातील अंड्यांची टरफलेही वापरता येतात. ती धुऊन, तव्यावर चांगली भाजून, ओबडधोबड कुटावीत. भाजल्याने जंतू मरतात आणि कुटल्याने अंड्याचा आकार ओळखू येत नाही. अख्खे अर्धे टरफल समोर टाकले तर कोंबडी आपलीच अंडी फोडायला शिकते.

सोलापूरचा उन्हाळा

इथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली तो त्याहून वर असतो. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापते. धापताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, रक्त अधिक अल्कधर्मी होते, आणि कवच घडवायला लागणारा कार्बोनेट व मोकळे कॅल्शियम या दोन्हींचा पुरवठा घटतो. त्यात खाद्यही कमी होते. ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ८५ ग्रॅमवर आली आणि खाद्यात ३.८ टक्के कॅल्शियम असले, तर तिला ४.२ ऐवजी ३.२ ग्रॅमच मिळतात, आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. सव्वादोन ग्रॅमचे कवच त्यातून पूर्ण होणार नाही, हे उघड आहे.

ही तूट भरून काढायला खाद्यातच चुनखडी वाढवत पाच टक्क्यांवर नेली, तर खाद्य भुकटीसारखे आणि बेचव होते आणि कोंबडी आणखी कमी खाते. त्याऐवजी तुटीचा एक ग्रॅम खड्यांतून द्यावा. एक ग्रॅम कॅल्शियमसाठी सुमारे पावणेतीन ग्रॅम खडे लागतात, म्हणजे १०० कोंबड्यांना रोज पाव किलोच्या थोडे वर. दुपारी चार-साडेचारला ऊन कलले की हे खडे गव्हाणीत खाद्याच्या वर पसरावेत. त्या वेळी कोंबडीला स्वतःलाच कॅल्शियमची ओढ लागलेली असते. खडे पडताच माना बाहेर येतात आणि गव्हाणीवर टकटक असा दाट आवाज सुरू होतो, तो एकदा ऐकला की वेळ चुकत नाही.

मुख्य खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे, भर दुपारी कोंबडीला उठवू नये. दिवसाचा एकूण उजेड १६ तास ठेवताना जास्तीचे तास पहाटे घ्यावेत. रात्र खूप तापलेली असेल तर मध्यरात्री तासभर दिवे लावून खाद्य आणि गार पाणी द्यावे, पण त्या तासाच्या आधी आणि नंतर किमान तीन-तीन तास पूर्ण अंधार असावा.

घराची बाजू तर याहून महत्त्वाची आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी. पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना लावावा आणि त्यावर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या अंथराव्यात. आपल्याकडे कडबा आहेच, आणि त्याने पत्र्याखाली जाणवण्याइतका फरक पडतो. बाजूंना ओले गोणपाट लावावे, पण वारा अडेल इतके घट्ट नको. आपली हवा कोरडी असल्याने फॉगर, म्हणजे पाण्याचे धुके फवारणारे नळ, चांगले काम करतात. जूनमध्ये दमट वारे सुरू झाले की ते बंद करावेत. खाद्यातील मिठाचा काही भाग काढून त्याऐवजी खाण्याचा सोडा घातल्यास धापण्याने हरवलेला बायकार्बोनेट थोडा भरून निघतो, मात्र हे प्रमाण खाद्याचे सूत्र बसवणाऱ्याकडूनच ठरवून घ्यावे.

पाणी, चुना आणि डीसीपी

आमच्याकडील बोअरचे पाणी जड असते, त्यातून कॅल्शियम मिळते असे अनेकांना वाटते. हिशेब केला तर प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या पाण्यात कॅल्शियम फार तर २०० मिलिग्रॅम असते. कोंबडी पाव लिटर पाणी प्याली तर तिला ५० मिलिग्रॅम मिळाले. चार ग्रॅमांच्या गरजेपुढे हे काहीच नाही. उलट पाणी मचूळ असेल, म्हणजे त्यात मीठ जास्त असेल, तर कवच बिघडते. पाण्याची प्रयोगशाळेत एकदा तपासणी करून घ्यावी आणि क्षार जास्त निघाल्यास खाद्यातील मीठ त्यानुसार कमी करावे.

चुन्याची निवळी पाजण्याची जुनी पद्धत आजही चालू आहे. लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो आणि त्यात कॅल्शियम एक ग्रॅमही नसते; शिवाय ते पाणी तिखट अल्कधर्मी असल्याने कोंबडी पिणेच कमी करते. उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हा पातळ टरफलापेक्षा मोठा धोका आहे. भिंतींना चुना लावावा, पाण्यात घालू नये.

डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, याबद्दल माझी चूक सांगतो. एका उन्हाळ्यात एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी टरफलासाठी खाद्यात डीसीपी वाढवले. त्यात कॅल्शियम असते, पण स्फुरदही भरपूर असतो, आणि गरजेपेक्षा जास्त स्फुरद कॅल्शियमचे शोषण अडवतो. तीन आठवड्यांत अंडी आणखी पातळ झाली. सूत्रात उपलब्ध स्फुरद पुरेसा असेल तर टरफलासाठी डीसीपीला हात लावू नये.

सगळ्या कळपात एकदम बिनकवचाची, सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी अंडी सुरू झाली, उत्पादन अचानक घसरले, किंवा कोंबड्या घरघरू लागल्या, तर तो कॅल्शियमचा प्रश्न नसून बहुधा आयबी (संसर्गजन्य श्वासनलिकादाह), ईडीएस (अंडी घटवणारा विषाणूजन्य रोग) किंवा राणीखेत या रोगांचा असतो. त्या दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे. पावसाळ्यात बुरशी लागलेल्या मक्यानेही यकृत बिघडून टरफल खराब होते, म्हणून काळपट, कुबट मका कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मोजून पाहावे

बदल केल्यावर टरफल सुधारले की नाही, हे नजरेने ठरवू नये. एक लिटर पाण्यात सुमारे १२५ ते १३० ग्रॅम मीठ विरघळवले, की त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०८० च्या आसपास येते. हायड्रोमीटरने ते नेमके करून घ्यावे. त्याच दिवशी घातलेली ३० अंडी, शेडच्या वेगवेगळ्या भागांतून उचलून, एकेक करून त्यात सोडावीत. बुडणाऱ्या अंड्यांचे कवच चांगले, तरंगणाऱ्यांचे पातळ. जुनी अंडी घेऊ नयेत, कारण त्यांतील ओलावा उडून ती तशीही तरंगतात.

तरंगणाऱ्या अंड्यांची संख्या, त्या दिवसाचे कमाल तापमान, प्रत्येक कोंबडीमागे गेलेले खाद्य, कळपाचे वय आणि तडकलेली अंडी एका वहीत दर आठवड्याला लिहावीत. वयाचा रकाना विसरू नये. कोंबडी म्हातारी होते तसे अंडे मोठे होते, कवचाचा माल मात्र तेवढाच राहतो आणि मोठ्या अंड्यावर तो पातळ पसरतो. तरंगणारी अंडी वाढली आणि तडकलेलीही वाढली, तर खाद्य, खडे आणि उष्णता यांकडे पाहावे. तरंगणारी तेवढीच असून तडकलेली वाढली, तर जाळीचा उतार, तारा आणि अंडी गोळा करण्याच्या वेळा तपासाव्यात. जूनमध्ये पहिला पाऊस होऊन खाद्य पुन्हा १०५ ग्रॅमच्या वर गेले, की दुपारचे जास्तीचे खडे आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने कमी करावेत आणि त्याच मिठाच्या पाण्यात पुन्हा ३० अंडी सोडून पाहावीत.